चहात उकळलेली १८५२ ची डायरी

नाव-गाव विचारू नका, घरात पुरेशी शोभा झालीय. ओरेगन ट्रेल म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गाड्या जुंपून पश्चिमेकडे वस्तीला जाणाऱ्यांची वाट. त्या वाटेनं गेलेल्या एका बाईची १८५२ ची 'मूळ' डायरी मी ऑनलाइन विकत घेतली. डायरी १,८४० डॉलर, कुरियर-विमा ६५, अस्सलपणाचं प्रमाणपत्र ३५. एकूण १,९४०.

विकणारी म्हणे, खापरपणजीची वही आहे, मी आता वृद्धाश्रमात चाललेय, चांगल्या हातात पडावी. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. पैसे 'मित्र-नातेवाईक' पर्यायानं पाठवा, फी वाचेल. वाचली. परताव्याचा हक्कही त्याबरोबर गेला. तो पर्याय सख्ख्या भावाशिवाय कुणासाठीही दाबू नका.

मी काही दूधखुळा नाही. अमेरिकेत, नेब्रास्कातल्या ओमाहात बारा वर्षं राहतोय. प्लॅट नदीच्या कडेनं, त्याच वाटेवरच्या इंडिपेन्डन्स रॉक या मोठ्या खडकापर्यंत दोनदा जाऊन आलोय. वायोमिंग राज्यातल्या गर्न्सीजवळ गाड्यांच्या चाकांनी खडकात पाच फुटांपर्यंत चर पाडलेत. 'चाकोरी' म्हणजे काय ते मला तिथं उभं राहून कळलं. आणि जाहिरातीतल्या फोटोंत दिसणाऱ्या पानांवर सगळं बरोबर होतं हो! पटकीनं मेलेल्यांच्या वाटेवरच्या कबरी. लाकूड नाही म्हणून बायसनच्या वाळक्या शेणावर स्वयंपाक. सकाळी गाडीला टांगलेल्या बादलीतल्या दुधाचं हादऱ्यांनी संध्याकाळपर्यंत लोणी. माझी आजी गोवऱ्या थापायची. ते पान वाचून डोळ्यांत पाणी आलं आणि तिथंच मी विकला गेलो. हे सगळं इथल्या शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं, हे नंतर सुचलं.

तिसऱ्या फोटोत एक ओळ होती: 'आज वायोमिंगमध्ये शिरलो.' १८५२ साली! त्या मुलखाला ते नाव सुचवलं गेलं १८६५ ला, टेरिटरी, म्हणजे राज्य होण्याआधीचा केंद्राच्या ताब्यातला मुलूख, झाली १८६८ ला. इंडिपेन्डन्स रॉकवर मुलीला हे मीच सांगितलं होतं, मोठ्या तोऱ्यात. ओळ वाचली, थबकलो, आणि मनाला काय सांगितलं? पेनसिल्व्हेनियात वायोमिंग नावाचं खोरं होतंच, बाई तिकडची असेल. विकणारीची वकिली मीच केली, तीही फुकट.

पार्सल उघडलं तर चहाचा वास; कागद जुना दिसावा म्हणून चहात घातलेला. जाणकाराला दाखवली, त्याचे १२० वेगळे. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली पानं निळी चमकली, म्हणजे कागदात उजळपणा आणणारं रसायन, जे विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास वापरात आलं. तसा टॉर्च पंधरा डॉलरला मिळतो. आधी तो घ्या.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. फॉर्म भरा, मग तोच फॉर्म दुसऱ्या खिडकीत भरा. चाळीस मिनिटं फोनवर संगीत ऐकवून एकानं विचारलं, "पण सर, वस्तू मिळाली ना?" सायबर पोर्टलनं तक्रार क्रमांक दिला, नऊ आठवडे झाले, तोच जपून ठेवलाय. प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याला पैसे देण्याआधी फोन लावा. मी नंतर लावला. नंबर एका पिझ्झावाल्याचा निघाला.

परवा तीच वही पुन्हा विक्रीला दिसली. विकणारीचं नाव वेगळं, साल १८५१, किंमत २,२००. बादलीतलं लोणी आहे, वायोमिंगही आहे. मी तक्रार नोंदवली. उत्तर आलं, नियमभंग आढळला नाही.