तुमचा वॉर्ड कुठला? युटातल्या नर्सिंग नोकरीच्या रिलोकेशन पॅकेजचं परीक्षण

भारतात शिकलेल्या नर्सला अमेरिकेतल्या युटा राज्यात दोन ओळखीचे शब्द पहिल्याच आठवड्यात चकवतात. कुणी हसतमुखानं "तुमचा वॉर्ड कुठला?" असं विचारलं, तर उत्तर 'सर्जिकल' नसतं. तिथे वॉर्ड म्हणजे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची, घराच्या पत्त्यावरून ठरणारी स्थानिक मंडळी. काही वॉर्ड मिळून एक स्टेक होतो, आणि वॉर्डचा बिशप हा बिनपगारी माणूस असतो, एरवी डेंटिस्ट नाहीतर अकाउंटंट. रुग्णालयातल्या वॉर्डला तिथे 'युनिट' किंवा 'फ्लोअर' म्हणतात. दुसरा शब्द 'सिस्टर'. आपल्याकडे तो नर्सचा हुद्दा, तिकडे चर्चच्या कोणत्याही स्त्री सदस्याला मारायची हाक. पेशंटनं "सिस्टर जोशी" म्हटलं तर तो बहुधा तुम्हाला सदस्य समजतोय.

ही गोष्ट कुठल्याही रिलोकेशन पॅकेजमध्ये सांगितलेली नसते. ऑग्डेन, साल्ट लेक सिटी, प्रोव्हो या डोंगरालगतच्या पट्ट्याला वॉसॅच फ्रंट म्हणतात. तिथली रुग्णालयं बाहेरच्या राज्यातून येणाऱ्या नर्सला साधारण चार गोष्टी देऊ करतात: जॉइनिंग बोनस किंवा सामान हलवण्याचा खर्च, काही आठवड्यांची तात्पुरती जागा, लायसन्सच्या फीची भरपाई आणि अर्ध्या दिवसाची शहरफेरी. एकूण पॅकेजला पाचपैकी तीन. पैशाची बाजू ठीक आहे, पण घर कुठे घ्यायचं आणि रविवार कुणाचा, या दोन प्रश्नांवर ते गप्प आहे. मॉर्मन नसलेल्या नर्सचं तिथलं पहिलं वर्ष सुखाचं जाणार की नाही, हे याच दोन प्रश्नांवर ठरतं. धर्मावरून कामात खटके फारसे उडत नाहीत.

आधी एक खुलासा. चर्चनं २०१८ मध्ये 'मॉर्मन' हे नाव वापरू नका असं जाहीरपणे सांगितलं. पूर्ण नाव 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. सहकाऱ्यांशी बोलताना 'लॅटर-डे सेंट' किंवा नुसतं 'मेंबर' म्हणावं. इथे वाचकांच्या सोयीसाठी जुना शब्द ठेवला आहे.

महाराष्ट्रातून थेट युटात जाता येईल का? कागदावर हो. रजिस्टर्ड नर्स 'शेड्यूल ए' या टंचाईच्या कामांच्या यादीत येते, म्हणून लेबर सर्टिफिकेशनची (त्या कामाला अमेरिकेत माणूस मिळत नाही हे दाखवण्याची) पायरी वाचते. पण ईबी-३ या नोकरीवरच्या ग्रीन कार्डाच्या गटात भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. नवरा किंवा बायको दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तरच त्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. साध्या फ्लोअर नर्सच्या नोकरीला पदवी सक्तीची नसल्यानं एच-१बी क्वचितच मिळतो. त्यामुळे "आठ-दहा महिन्यांत युटा" म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. हे पॅकेज खऱ्या अर्थानं टेक्सास किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या, ग्रीन कार्ड किंवा एच-४ ईएडी (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला मिळणारा कामाचा परवाना) असलेल्या नर्सच्या कामाचं आहे.

लायसन्सची बाजू सोपी आहे. नर्स लायसन्स कॉम्पॅक्ट, म्हणजे एकाच लायसन्सवर सगळ्या सदस्य राज्यांत काम करू देणारा करार, स्वीकारणारं युटा हे पहिलं राज्य, अंमल १ जानेवारी २००० पासून. टेक्सासचं मल्टिस्टेट लायसन्स असेल तर पहिल्या दिवसापासून काम करता येतं. चूक होते ती पुढे. २ जानेवारी २०२४ पासूनच्या नियमानुसार, राहण्याचं राज्य बदललं की ६० दिवसांत नव्या राज्याकडे अर्ज करावा लागतो. "जुनं चालतंय की" म्हणून लोक बसून राहतात. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क कॉम्पॅक्टमध्ये नाहीत. तिथून येणाऱ्यांनी एंडॉर्समेंट (जुन्या राज्याच्या लायसन्सवरून युटाचं लायसन्स मिळवणं) आणि बोटांचे ठसे यांसाठी वेळ धरून ठेवावा आणि रुजू होण्याची तारीख त्यानंतरची मागावी.

पैशाचं गणित मात्र नीट बघा. १०,००० डॉलरच्या बोनसवर फेडरल कर साधारणपणे सरसकट २२ टक्के कापतात, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून ७.६५ टक्के, वर राज्याचा साडेचार टक्क्यांच्या आसपास. हातात येतात सुमारे ६,६०० डॉलर. नोकरी मुदतीआधी सोडली तर परत किती द्यायचे, १०,००० की हातात आलेले? करारात हे एका ओळीत असतं आणि बहुतेक जण ती ओळ सहीनंतर वाचतात. परतफेड दरमहा कमी होत जाते की दोन वर्षं पुरी होईपर्यंत सगळीच्या सगळी डोक्यावर राहते, तेही विचारा. मालकानं दिलेला सामानाचा खर्चसुद्धा २०१८ पासून करपात्र आहे. त्यावरचा कर रुग्णालय भरणार असेल तर तसं लेखी घ्या. पगार कॅलिफोर्नियाहून बराच कमी असतो, हे तर गृहीतच धरा.

आता घर. युटातले पत्ते पहिल्यांदा वाचताना गणिताचा पेपर वाटतात: '७०० ईस्ट, ३३०० साउथ'. साल्ट लेकमध्ये शून्याचा बिंदू चर्चच्या टेम्पल स्क्वेअर या आवाराच्या कोपऱ्यावर. तिथून सात ब्लॉक पूर्वेला, तेहतीस ब्लॉक दक्षिणेला. एकदा डोक्यात बसलं की नकाशा लागत नाही. शहरफेरीवाला रिअल इस्टेट एजंट हे समजावतो, पण कुठल्या भागात शेजार किती टक्के मॉर्मन आहे हे तो सांगणार नाही. फेअर हाउसिंगच्या कायद्यामुळे धर्मावर बोलणं तो टाळतोच. म्हणून इथे सांगतो. साल्ट लेक शहरात चर्चचे सदस्य निम्म्याहून कमी आहेत. शुगर हाउस, मिलक्रीक, मरी या भागांत शेजार मिश्र असतो. दक्षिणेला युटा काउंटीत, म्हणजे लीहाय, ओरेम, प्रोव्होत, गल्लीच्या गल्ली एकाच वॉर्डची असते. हे वाईट नाही. बर्फ पडला की न सांगता तुमचा ड्राइव्हवे साफ झालेला असतो. पण मुलांचे खेळ, वाढदिवस, उन्हाळ्यातली शिबिरं सगळं वॉर्डाभोवती फिरतं, आणि हायस्कूलमधली बरीच मुलं शाळेच्या वेळातच एक तास शेजारच्या इमारतीत 'सेमिनरी'ला, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला, जातात. तेरा-चौदा वर्षांचं मूल असेल तर साल्ट लेकच्या बाजूला राहून जास्त गाडी चालवलेली परवडते.

गाडी म्हणतोय, कारण फ्रंटरनर ही लांब पल्ल्याची लोकल रविवारी धावत नाही. ऑग्डेनला घर, साल्ट लेकला नोकरी आणि गाडी नाही, असा बेत केला तर पहिल्याच रविवारच्या शिफ्टला फसाल. ट्रॅक्स या शहरी लाइट रेलच्या गाड्या रविवारी असतात, पण कमी. स्वस्त म्हणून बेसमेंटची जागा घेणार असाल तर रेडॉनची चाचणी झाली आहे का ते विचारा. युटात हा वायू बऱ्याच घरांत जास्त आढळतो. ४ पिकोक्युरी प्रतिलिटर किंवा त्याहून वर आकडा असेल तर दुरुस्तीशिवाय राहू नये.

सामान लागतं न लागतं तोच दारावर केळ्याच्या ब्रेडची किंवा कुकीजची थाळी येते. बहुधा रिलीफ सोसायटीच्या बायका, म्हणजे चर्चची १८४२ पासूनची महिला संघटना. थोड्या दिवसांनी काळ्या नावपट्ट्या लावलेले दोन तरुण मिशनरी. इथे मराठी माणसाचा घात त्याचं "बघू" करतं. आपल्या "बघू, कधीतरी"चा अर्थ नाही असा असतो. त्यांना तो पुढच्या मंगळवारी या असा ऐकू येतो. पहिल्याच भेटीत हसून स्पष्ट सांगावं: आम्ही हिंदू आहोत, धर्म बदलायचा नाही, शेजारी म्हणून कधीही या. यानं कुणी दुखावत नाही. दुखावतात ते सहा महिने चहापाण्याला बोलावून मग दार न उघडल्यावर.

आणि चहा तर द्यायचाच नाही. चहा, कॉफी, दारू, तंबाखू चारही वर्ज्य. आपला मसाला चहा त्यात आला, ग्रीन टीसुद्धा. हर्बल चालतो. कोलाला मनाई नाही, हे चर्चनं २०१२ मध्ये स्पष्ट केलं. म्हणून तर कोपऱ्याकोपऱ्यावर सोड्याची दुकानं आहेत, कोलात नारळाचं सिरप आणि क्रीम घालून देणारी. पाहुण्याला कोकम सरबत किंवा ताक द्या. थाळी रिकामी परत करायची नाही ही आपली रीत तिथे छान चालते. चिवडा किंवा रव्याचे लाडू ठेवा, पण चिवडा तिखट असेल तर मुलांसाठी तसं आधी सांगा.

रविवारचं काय ते सहीआधी ठरवा. चर्चची सभा २०१९ पासून तीनऐवजी दोन तासांची झाली असली तरी मेंबर सहकाऱ्यांना अख्खा दिवस मोकळा हवा असतो. एप्रिल आणि ऑक्टोबरमधल्या पहिल्या शनिवार-रविवारी जनरल कॉन्फरन्स हे चर्चचं सहामाही अधिवेशन असतं, तेव्हा रोटा भरताना सुपरवायझरच्या तोंडचं पाणी पळतं. सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी. २४ जुलै हा पायोनियर डे, १८४७ मध्ये मॉर्मन नेता ब्रिगहॅम यंगची मंडळी या खोऱ्यात पोचल्याचा. त्या दिवशी राज्याची सुट्टी आणि भरपूर फटाके. बाहेरून आलेली नर्स पहिल्या महिन्यात सौजन्यानं दोन रविवार घेते, आणि मग "तुला काय, तुझं चर्च नाही" म्हणत तेच कायमचे तिच्या गळ्यात पडतात. उपाय सरळ आहे: मागाल तितके रविवार घ्या, पण बदल्यात दिवाळीचे दोन दिवस आणि गणपतीचा एक, आणि हा व्यवहार शेड्यूलिंगच्या ईमेलवर. व्हरांड्यात झालेला शब्द पुढच्या रोट्याला कुणाला आठवत नाही. वीकएंडचा वाढीव दर तासाला किती, तोही विचारा. रविवार घ्यायचेच तर त्याचे पैसे पदरात पडू द्या. कायद्यानं धार्मिक सवलत फक्त मेंबरांना नाही. २०२३ च्या ग्रॉफ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अशी सवलत नाकारणं मालकाला आणखी अवघड केलं. चतुर्थीची रजा त्याच कायद्याखाली मागता येते.

फ्लोअरवर माहीत असाव्यात अशा गोष्टी थोड्या, पण नेमक्या. रक्त चढवायला मॉर्मन पेशंटची धार्मिक हरकत नसते; ती यहोवाच्या साक्षीदारांची. हा गोंधळ नव्या नर्सकडून हमखास होतो. औषधातल्या कॅफीन किंवा अल्कोहोललाही अडचण नाही, पण नाश्त्याच्या ट्रेवर कॉफी आपोआप ठेवू नये. टेम्पलमधला विधी झालेले प्रौढ सदस्य अंगात एक खास अंतर्वस्त्र घालतात, त्याला 'गारमेंट' म्हणतात. ऑपरेशनआधी ते काढावंच लागतं. विचारून काढा, घडी घालून वेगळ्या पिशवीत ठेवा, जमिनीवर किंवा लिनेनच्या ढिगात टाकू नका, आणि त्यावर बोलू नका. ट्रॉमामध्ये कापायची वेळ आली तर कापा.

आशीर्वादाची वेळ अशी येते: दोन पुरुष येतात, एकाकडे किल्लीच्या जुडग्याला लटकवलेली तेलाची इवलीशी कुपी. टाळूवर ऑलिव्ह तेलाचा एक थेंब, मग दोघांचे हात डोक्यावर, पाचेक मिनिटांची प्रार्थना. डोक्याला ड्रेसिंग किंवा ड्रेन असेल तर हात कुठे टेकवायचे नाहीत ते आधी दाखवा. आयसोलेशन असेल तर त्यांनाही गाऊन आणि ग्लोव्हज. खोलीत असाल तर पंप सायलेंट न करता शांत उभं राहणं पुरे. हात जोडायची अपेक्षा नसते.

सगळ्यात नाजूक बाब गोपनीयतेची. पेशंट, त्याचा बिशप, तुमची चार्ज नर्स आणि लॅबमधला मुलगा हे एकाच वॉर्डचे असू शकतात. लिफ्टमध्ये कुणी काळजीनं "सिस्टर अमुक कशा आहेत?" विचारतं, आणि संध्याकाळपर्यंत प्रार्थनेच्या यादीत निदानासकट नाव गेलेलं असतं. हिपा, म्हणजे पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा अमेरिकी कायदा, तिथेही तोच. पेशंटनं स्वतः सांगितल्याशिवाय वॉर्डला कळवायचं नाही, मेंबर सहकाऱ्यानं "मी कळवते" म्हटलं तरी. बाहेरची असण्याचा इथे फायदा होतो: पेशंट काही गोष्टी तुम्हालाच सांगतात, कारण त्या रविवारी सभागृहात पोचणार नाहीत याची त्यांना खात्री असते.

ओळखीची देवळं दोन. साउथ जॉर्डनला गणेश मंदिर, आणि स्पॅनिश फोर्कला राधाकृष्ण मंदिर, जिथल्या होळीला मॉर्मन कॉलेजची पोरंच जास्त रंगलेली दिसतात. वाइन आणि कडक दारू फक्त सरकारी दुकानात, रविवारी बंद. गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के, शेजारच्या राज्यांहून कमी. साल्ट लेकची उंची सुमारे ४,२०० फूट, पाणी ९६ अंशांच्या आतच उकळतं. कुकरमध्येही दाब त्या मानानं कमीच राहतो, म्हणून तुरीच्या डाळीला दोन शिट्ट्या वाढवा. हवा इतकी कोरडी की सॅनिटायझरनं बोटांची पेरं फुटतात. शिफ्टच्या खिशात व्हॅसलीन ठेवा. जानेवारीत धुरकट हवा खोऱ्यात दिवसेंदिवस कोंडते, दमा असेल तर डोंगराच्या उताराजवळ उंचावर घर बघा.

सहीआधी रुग्णालय तुम्हाला भेटीला बोलावेल, बहुतेक मंगळवारी किंवा बुधवारी. एक दिवस जादा राहायला मागून रविवार त्यात घ्या. सकाळी साडेआठला घर बघायच्या गल्लीतून गाडी न्या, किती कुटुंबं कडक इस्त्रीचे कपडे घालून एकाच इमारतीकडे चालत निघालीत ते मोजा, आणि दुपारी युनिटवर जाऊन त्या दिवशीच्या रोट्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते वाचा.