घरातल्या कुंड्यांना बोअरचं पाणी की नळाचं?
सोलापुरात बोअरचं पाणी म्हणजे काय ते बादलीला बसलेला पांढरा थर बघूनच कळतं, कॅल्शियम मॅग्नेशियम भरपूर, पण त्यासोबत बायकार्बोनेट पण असतं त्यामुळं मातीचा पीएच हळूहळू वर जातो, म्हणजे माती अल्कधर्मी होत जाते, आणि मग लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. माझ्या मोगऱ्याची नवीन पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, मी आपला खत टाकतोय टाकतोय, दोष पाण्याचा निघाला! पावसात बाहेरच्या झाडांचे क्षार धुऊन जातात, घरातल्या कुंडीत ते साठतच राहतात.

नळाचं, उजनी धरणाचं पाणी त्या मानानं बरं वाटतं मला. क्लोरीनचा वास येतो, पण रात्रभर उघड्या बादलीत ठेवलं की बराचसा उडतो. अडचण एकच, रोज येत नाही, साठवावं लागतं, त्यात डास होतात म्हणून वर फडकं बांधा.

बोअरचंच वापरायचं असेल तर महिन्यातून एकदा नळाचं पाणी खालून निथळेपर्यंत घाला. आणि आरओचं वेस्ट पाणी कुंडीत नको हं, त्यात क्षार अजून जास्त, त्यानं फरशी पुसा.