तळाचे मासे घ्यायचे असतील तर विश्रामबागचं हे दुकान

कुहली लोच (तळाला राहणारा, सापासारखा लांबट बारका मासा) घ्यायला गेलतो तर दादांनी आधी विचारलं, टँकच्या तळाला काय टाकलंय, मी म्हणलं रंगीत खडी, तर म्हणाले मग आज मासे देत नाही, टोकदार खडीनं यांच्या मिशा झिजतात, आधी बारीक वाळू धुवून टाका मग या. गिऱ्हाईक असं परत पाठवणारा दुकानदार सांगलीत पहिल्यांदाच बघितला!

आठवड्यानं सहा आणले, एकटादुकटा ठेवला तर नुसता लपून बसतो म्हणे. मग गप्पा लोच मिनोवर गेल्या. माझा एकदम आवडता मासा, नावात लोच असला तरी खरा लोच नव्हे, अमेरिकेत गिला नदीच्या खोऱ्यात, वाळवंटातल्या ओढ्यांत असतो, बोटाएवढा, पोटातली हवेची पिशवी बारकी त्यामुळं तरंगत नाही, जोराच्या धारेत दगडांच्या मधी तळाला टेकून राहतो, अंडी पण चपट्या दगडाखाली घालतो. 2012 पासून तिथं संकटग्रस्त यादीत आहे, वाईट वाटतं. दादांनी सगळं मन लावून ऐकलं.

पार्किंगची बोंब आहे, रेटही थोडा जास्त. पण सहाही लोच ठणठणीत आहेत, रात्री लाईट बंद केली की वाळूत तोंड खुपसतात आन कल्ल्यातनं वाळू बाहेर सोडत बसतात.