फ्रेंच क्रलर घ्यावा की यीस्टचा डोनट?

अमेरिकेत किंवा कॅनडात डोनटच्या दुकानात काचेमागे एक पिळदार, पन्हळी उठलेलं कडं दिसतं. तो फ्रेंच क्रलर. शेजारी साखरेचा थर चढवलेला, यीस्टने फुगवलेला नेहमीचा डोनट. क्रलर हातात घेतला तर वजन जाणवतच नाही, म्हणून डाएटवाली मंडळी तिकडे वळतात.

अमेरिकी कृषी खात्याच्या पोषण-तक्त्यात ४१ ग्रॅमच्या साखर चढवलेल्या क्रलरमध्ये १६९ कॅलरी आणि साडेसात ग्रॅम चरबी धरली आहे. तशाच ६० ग्रॅमच्या डोनटमध्ये २४२ कॅलरी आणि जवळपास १४ ग्रॅम चरबी. नगाला नग लावला तर क्रलर सरस. पण १०० ग्रॅमचा हिशेब करा: क्रलर ४१२ कॅलरी, डोनट ४०३! क्रलरमध्ये हवा जास्त, एवढंच. आणि हवेने पोट भरत नाही, हात दुसऱ्या क्रलरकडे जातोच.

मधुमेह असेल तर ही निवड जवळपास फोलच आहे. कर्बोदकं एका क्रलरमध्ये २४ ग्रॅम, एका डोनटमध्ये २७. प्रथिनं क्रलरमध्ये सव्वा ग्रॅमच्या आसपास, डोनटमध्ये चार ग्रॅमपर्यंत. नाश्ता म्हणून दोन्ही नापास.

ही पोकळी येते कुठून? क्रलरचं पीठ म्हणजे फ्रेंच ‘शू’. पाणी आणि लोणी उकळून त्यात मैदा घालायचा, मोदकाच्या उकडीसारखा गोळा होईपर्यंत घोटायचा, मग एकेक अंडं फेटत जायचं. यीस्ट नाही, सोडा नाही. तेलात पडल्यावर आतल्या पाण्याची वाफ होते, ती पीठ फुगवते आणि अंड्यामुळे तो आकार टिकतो. त्यामुळे अंडं न खाणाऱ्यांनी क्रलरचा विचारच सोडावा. यीस्टचा डोनट बिनअंड्याचा चांगला होतो. दुकानात मात्र विचारूनच घ्या.

घरी करायचा असेल तर माझं मत शू पिठाला. पीठ फुगायची वाट बघावी लागत नाही, आणि फ्रान्समध्ये याच पिठाचे ‘पे द नॉन’ नावाचे छोटे गोळे तळतात, त्यांच्यावर साखर फक्त भुरभुरवतात. साखर किती, हे आपल्या हातात राहतं. तळल्यावर लगेच खायचे. संध्याकाळपर्यंत ठेवले तर मऊ पडतात. उद्याच्या डब्यासाठी हवं असेल तर डोनट घ्या.