सातारच्या छोट्या आर्ट गॅलरीत गेलो आणि भिंती रिकाम्या!

रविवारी मामा कोरेगावहून आलेले, म्हटलं चला तुम्हाला आज काहीतरी वेगळं दाखवतो, राजवाड्यापासून चालत पाचेक मिनिटांवर एका जुन्या वाड्यात आर्ट गॅलरी सुरू झालीय, पुढचा सोपा आणि मागची एक खोली एवढंच सगळं. इन्स्टावर पोस्टर बघितलेलं, प्रदर्शन चालू आहे असं लिहिलेलं, म्हणून गेलो. गाडी लावायला वीस मिनिटं गेली (रविवार संध्याकाळ, राजवाडा चौपाटी, आता अजून काय सांगू) आणि आत बघतो तर भिंतीवर नुसते खिळे. प्रदर्शन गुरुवारीच उतरवलेलं, पोस्ट तशीच. मामा म्हणाले, "हे मॉडर्न आर्ट का रे?" आणि खरं सांगतो, मला क्षणभर तेच वाटलं.

एक स्टार इथंच कापलाय. दोन ओळी टाकायला काय जातं ओ.

पण आत एक पोरगा स्टुलावर चढून लेव्हल बाटली लावून खिळे मारत होता, तो म्हणाला आलाय तर बसा की, पुढच्या प्रदर्शनाची चित्रं आलीत, बघा. चित्रं खाली भिंतीला टेकवून ठेवलेली, तोंडं भिंतीकडं. शिक्षा दिलेल्या पोरांसारखी. तो एकेक फिरवून दाखवायला लागला आणि पुढचा पाऊण तास आम्ही हललो नाही.

येत्या शनिवारी लागतंय ते छापाचित्रांचं. मला वाटायचं छापाचित्र म्हणजे झेरॉक्सचा मोठा भाऊ. तर तसं नाय. एका लाकूडठशाची फळीच त्यानं आमच्यापुढं ठेवली, ज्यातनं चित्र निघालं ती. जे पांढरं ठेवायचं ते कोरून काढायचं, उरलेल्या उंच भागावर रोलरनं शाई फिरवायची, वर कागद ठेवून दाबायचं. आणि सगळं उलटं, म्हणजे बाजाराच्या चित्रात दुकानाची पाटी होती तर फळीवर ती अक्षरं आरशात दिसतात तशी कोरलेली, मामा ती वाचायला मान वाकडी करून बसलेले. दुसरा प्रकार एचिंगचा, जस्ताच्या पत्र्यावर थर देऊन सुईनं ओरखडायचं, मग पत्रा ॲसिडमध्ये, जिथं ओरखडलंय तेवढंच खातं, त्या खाचांत शाई भरून ओला कागद प्रेसखाली घालायचा. चित्राच्या चारी बाजूनं कागदाला पत्र्याच्या कडेची खोल खूण पडलेली दिसते, फोटोत ती कधीच दिसणार नाय, तिरक्या उजेडात बघायची.

चित्राखाली पेन्सिलनं ३/१५ लिहिलेलं. मामा म्हणाले पंधरा मार्चचं दिसतंय. पोरगा हसला नाही, हे मला आवडलं. म्हणाला, पंधरा प्रती काढल्यात त्यातली ही तिसरी. त्यामुळंच एकाच पेंटिंगपेक्षा हे आपल्यासारख्याला परवडू शकतं. शकतं म्हणतोय, कारण किमती कुठंच लावत नाहीत, विचारायला लागतं, आणि आपल्याकडं विचारायचं म्हणजे लाज. चित्रांच्या माहितीच्या चिठ्ठ्याही सगळ्या इंग्रजीत. साताऱ्यात! मामांनी तोंडावर सांगितलं, "बाळ, माझ्यासारख्यानं काय वाचायचं यात?" तो म्हणाला मराठी करतोय. बघू.

मामांची मोजायची पट्टी आपल्या जिल्ह्यातल्या औंधची आहे, शाळेच्या सहलीला गेलेले. तिथल्या संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ ला यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभं केलं, राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं आई-मुलाचं दगडी शिल्पसुद्धा. इंग्लंडचा शिल्पकार आपल्या औंधात, हे निम्म्या साताऱ्याला माहीत नाय. त्यापुढं ही दोन खोल्यांची गॅलरी काय, पण तिथं फळीला हात लावून देत नाहीत, इथं दिला.

आषाढीनंतर घोंगडीवरचं प्रदर्शन आहे, मी त्याचीच वाट बघतोय. माण भागातली दख्खनी मेंढीची काळी लोकर, खड्ड्यातला माग, सुताला चिंचोक्याची खळ, हे सगळं मांडणार आणि मागच्या खोलीत छतापासनं नुसतं सूत सोडणार, त्यातनं वाट काढत चालायचं. नमुन्याच्या सुताची एक गुंडी ठेवलेली, मामांनी उचलून नाकाला लावली आणि गप्पच झाले. मग म्हणाले, पावसात भिजलेल्या आबांचा वास. लोकांकडनं जुन्या घोंगड्याही मागतायत, ज्याची असेल त्याची गोष्ट शेजारी लावणार.

त्यानंतर चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांचे फोटो. ते आपण ठोसेघरला जाता-येता बघतोच, त्यामुळं मला विशेष काय वाटलं नाही, पुण्याची पाहुणे मंडळी खूश होतील.

पंखा एकच, बसायला बाकडं नाही, वयस्कर माणूस सोबत असेल तर हे लक्षात ठेवा, मामांना पोरानं स्वतःचं स्टूल दिलं. तिकीट नाही. जायच्या आधी फोन करा, पोस्टवर विसंबू नका, आणि जमलं तर चित्रं लावायच्या दिवशीच जा. माझ्याकडनं पाचात साडेतीन, मराठी चिठ्ठ्या लागल्या की चार.

काल मामांचा फोन आला. ट्रंकेतली घोंगडी काढून उन्हात टाकलीय म्हणे, डांबरगोळ्यांचा वास जाईना. परत मिळणार का नाय तेवढं विचार म्हणाले, आणि लिहून घे त्यांच्याकडनं.