सात दिवसांत पाणी जराही उतरलं नाही, आणि मी सही केली

घरामागच्या स्विमिंग पूलचं काम शेवटच्या टप्प्यात असताना माझी फसवणूक झाली. खोदाई, सळई, काँक्रीट या सगळ्यावर आम्ही डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं होतं. सळईतलं अंतर टेप लावून मोजलं, काँक्रीटवर गोणपाट ओलं राहतंय ना हे मी स्वतः दिवसातून तीनदा बघत होते. नंतर "आता काय, फिनिशिंगच राहिलंय" म्हणून घरातले सगळे निर्धास्त झाले, मीही झाले. ज्यांचं काम आज या टप्प्यावर असेल त्यांनी टाइल लावायला परवानगी देण्याआधी हे वाचावं, म्हणून बारीकसारीक सगळं लिहिते आहे.

करारात स्पष्ट होतं : वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यायचे, ते वाळले की पूल काठोकाठ भरायचा, सात दिवस तसाच ठेवायचा आणि पाणी टिकलं तरच टाइलचं काम सुरू करायचं. या चाचणीला एक मोठा हप्ता जोडलेला होता. ठेकेदाराने पूल भरला, भिंतीवर लाल पेन्सिलीने रेघ मारली आणि म्हणाला, "ताई, रोज सकाळी तुम्हीच येऊन बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, रेघेवर ठेवा."

मी रोज सकाळी गेले. यजमान कामानिमित्त बाहेर होते, त्यांना पाठवायला म्हणून रोज एक फोटोही काढला. सातही दिवस पाणी त्या लाल रेघेला चिकटून उभं होतं. मला इतका आनंद झाला की आठव्या दिवशी चाचणीच्या कागदावर सही केली आणि हप्ता देऊन टाकला. त्या कागदावर "पाण्याची पातळी कायम, गळती नाही" असं लिहिलेलं आहे आणि खाली माझं नाव आहे.

पुढची कामं भराभर झाली. पूल उपसला, टाइल लागल्या, कडेचे दगड बसले. ग्राउट म्हणजे टाइलमधल्या फटी बुजवायचा मसाला. तो भरताना मी तिथेच उभी होते. करारात इपॉक्सी ग्राउट लिहिलेलं होतं आणि इपॉक्सीचे डबे बाजूला रचून ठेवलेले दिसत होते. कामगार मात्र घमेल्यात राखाडी पूड घेऊन त्यात मगाने पाणी ओतत होता आणि थापीने कालवत होता. हे माझ्या डोळ्यांसमोर झालं, पण मला त्याचा अर्थ कळला नाही. इपॉक्सी कालवताना पाणी घालतच नाहीत. त्यात राळ आणि हार्डनर एकत्र करतात, मग भुकटी मिसळतात. पाणी लागतं ते नंतर स्पंजाने टाइल पुसायला. घमेल्यात पाणी पडलं म्हणजे ते सिमेंटचं ग्राउट. बाजूचे डबे रिकामे होते, कुठून तरी आणून ठेवलेले.

शेवटचा हप्ता त्याने पूल भरायच्या आधी मागितला. "पाणी भरलं की माझं काम संपलं ताई, दुसऱ्या साइटवर माणसं खोळंबली आहेत." चाचणी तर झालेली होती, म्हणून तोही दिला. माझ्या हातात काहीही उरलं नाही. कराराच्या वेळीच मी ठरावीक रक्कम पूल भरून, पंप-फिल्टर काही आठवडे सुरळीत चालेपर्यंत राखून ठेवायला हवी होती. हे आमच्या ओळखीच्या एका काकांनी सांगितलंही होतं. मी ते मनावर घेतलं नाही.

पूल भरला आणि तिसऱ्या दिवशी पाणी कमी वाटलं. रोज साधारण ४ सेंटीमीटर. फोनवर उत्तर ठरलेलं : "ऊन आहे ताई, वाफ होते." रोज पाइप लावून पाणी भरत राहिले. महिन्याभरात एका कोपऱ्यातली फरसबंदी खचली आणि तिथली माती कायम ओली राहू लागली. मग फोन उचलणंही बंद झालं.

शेवटी मी पूलचीच कामं करणाऱ्या दुसऱ्या एका अनुभवी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी कुठलंही यंत्र काढलं नाही. एक बादली मागितली. ती पूलच्या पाण्याने भरून पहिल्या पायरीवर ठेवली, बादलीच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे पाण्याच्या पातळीवर खूण केली. वाफ व्हायची तर बादलीतलं आणि पूलमधलं पाणी सारखंच उतरणार. चोवीस तासांनी बादलीतलं पाणी जेमतेम ५ मिलिमीटर उतरलं होतं आणि बाहेरचं ४ सेंटीमीटर. एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून त्यांनी हे केलं. दोन्ही वेळा घट सारखीच, म्हणजे पंपाच्या दाबाखालच्या पाइपमधून पाणी जात नव्हतं. मग त्यांनी पाणी भरू न देता आपोआप उतरू दिलं. उतरत उतरत ते पाण्याखालच्या दिव्याच्या खोबणीपाशी येऊन थांबलं. पाणी जिथे थांबतं, त्याच पातळीच्या आसपास वाट असते, असं ते म्हणाले. खोबणीत वायरच्या नळीच्या तोंडाशी त्यांनी सिरिंजने रंगीत पाण्याचे दोन थेंब सोडले. रंग पाण्यात पसरला नाही. धाग्यासारखा ताणला गेला आणि नळीत शिरला.

त्यांनी मग विचारलं, "ताई, टाइलआधी पाणी भरून बघितलं नव्हतं का?" मी मोठ्या विश्वासाने फोनमधले सात फोटो दाखवले. त्यांनी ते एकामागून एक पाहिले, पुन्हा पहिल्यावर आले आणि शांतपणे म्हणाले, "या सात दिवसांत ऊन नव्हतं?"

मी गप्पच झाले. ऊन होतं, चांगलं कडक होतं. उघड्या पूलमधलं पाणी उन्हा-वाऱ्यात दिवसाला काही मिलिमीटर तरी उतरणारच, शिवाय कोरं काँक्रीटही थोडं पाणी पितं. सात दिवसांत थेंबभरही न गळणाऱ्या पूलमधलं पाणीसुद्धा रेघेच्या खाली जायला हवं होतं. ते रेघेवरच राहिलं, याचा अर्थ रात्री कोणीतरी भरत होतं. चौथ्या दिवसाच्या फोटोत कडेला काळा पाइप पडलेला आहे. फोटो मोठा करून पाहिला तर त्याच्या तोंडाखालची माती ओली दिसते. बागेला पाणी घातलं असेल असं मला तेव्हा वाटलं असणार. नंतर शेजारच्या आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अगं, तुमची मोटर रोज रात्री चालायची, मला वाटलं तुम्हीच लावता."

जी गोष्ट बघून मी निश्चिंत झाले होते, तीच फसवणुकीची खूण होती. हे आठवलं की अजून पोटात कालवतं.

खोबणीभोवतीच्या टाइल काढल्या तेव्हा मागे वॉटरप्रूफिंगचा एकच पातळ हात निघाला, आणि नळीच्या तोंडाभोवती तर कोरं काँक्रीट. टाइलवर नाण्याने टकटक केल्यावर बऱ्याच ठिकाणी पोकळ आवाज आला. ग्राउट नखाने खरवडलं की पूड निघत होती. पंपावरची माहितीची पट्टी घासलेली होती, वॉरंटी कार्डावरचा क्रमांक कशाशीच जुळत नव्हता.

पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण एका गोष्टीचा राग मात्र आजही कमी झालेला नाही. पाण्याखालच्या दिव्यांच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक ब्रेकर, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन लगेच बंद करणारा स्विच, लावणं ठरलं होतं, तो बसवलेलाच नव्हता. बंद पेटीत साधा स्विच होता. आणि तळाच्या ड्रेनची जाळी एकाच स्क्रूवर तोललेली होती. ती जाळी निघाली तर पंपाच्या ओढीने मुलाचा हात किंवा केस तिथे अडकू शकतात. त्या पाण्यात महिनाभर माझी मुलं खेळली. पाणी भरण्याआधी मी ती पेटी उघडायला लावली नाही, जाळी हाताने हलवून बघितली नाही.

दुरुस्तीसाठी पूल लगेच उपसावा असं आम्हाला वाटत होतं, पण मिस्त्रींनी थांबवलं. आजूबाजूच्या जमिनीत पाणी वर आलेलं असेल तर रिकामा पूल खालून उचलला जाऊ शकतो, काँक्रीटला तडे जातात. आधी बाजूला खड्डा घेऊन जमिनीतलं पाणी किती खोल आहे ते पाहिलं, मगच उपसलं.

दुसऱ्या वेळची चाचणी मी स्वतः घेतली. भरण्याचा नळ बंद करून त्याला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे ठेवली. पायरीवर बादली ठेवली, रोज सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडची पातळी पट्टीने मोजून वहीत लिहिली. सात दिवसांनी बादलीतलं पाणी ३६ मिलिमीटर उतरलं होतं, पूलमधलं ३७. त्यानंतरच टाइल लावू दिल्या. इपॉक्सीचे डबे माझ्यासमोर फोडले गेले, आणि ब्रेकरचं चाचणीचं बटण मी स्वतः दाबून लाइन बंद पडते की नाही ते पाहिलं.

पहिल्या ठेकेदाराला लेखी नोटीस पाठवली आहे. त्याने उत्तरात एकच कागद जोडला, माझ्या सहीचा.