शब्दकार्डांचा सात महिन्यांचा अनुभव : कार्ड नंबर ४१ मुळं लिहावं लागलं

जूनमध्ये ऑनलाइन मागवलेला १२० कार्डांचा डबा, ६४९ रुपये. एकेका कार्डावर सारखी अक्षरं असलेले इंग्रजी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ. डबा बऱ्याच घरांत आहे, त्यामुळं आत काय आहे ते सांगत बसत नाही. मुलगी नववीला, सेमी इंग्रजी. परभणी जिल्ह्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. शाळा सुटली की ती काउंटरवर येऊन बसते, त्यामुळं कार्डं घरापेक्षा दुकानातच जास्त वापरली गेली.

वस्तू कच्ची आहे. कार्डं ओवायचं प्लास्टिकचं कडं पोळ्याच्या आतच तुटलं, आता सुतळी ओवलीय. कोपऱ्यांचं लॅमिनेशन सुटलंय. उच्चार ऐकायचा क्यूआर कोड दिवाळीपासून उघडत नाही. एक कार्ड जवळपास साडेपाच रुपयांना पडतं, एवढ्यात लोखंडी कडं द्यायला काही हरकत नव्हती. जुलैत मी दोनच स्टार देणार होतो.

मग एक दिवस एक म्हातारे शेतकरी रिकामी बाटली घेऊन आले. कपाशीवर मावा आलाय, हेच औषध द्या म्हणाले. मी फोनवर होतो. मुलीनं बाटली हातात घेतली, लेबल वाचलं आणि म्हणाली, "आजोबा, हे तणाचं आहे. ह्यानं कपाशीच जळंल."

"मागच्या साली हेच मारलं होतं की, माय."

"ते सोयाबीनला मारलं असंल."

बाटली इमॅझेथापायरची होती, सोयाबीनमधल्या तणाची. लेबलवर 'हर्बिसाइड' लिहिलेलं होतं आणि तो शब्द तिनं आदल्याच आठवड्यात कार्ड ४१ वर पाठ केला होता.

आमच्याकडं सगळ्यालाच औषध म्हणतात. किडीचं औषध, तणाचं औषध, बुरशीचं औषध. एकच शब्द, म्हणून बाटल्यांची अदलाबदल होते आणि उभं पीक जातं. आमचा परवाना ज्या १९६८ च्या कायद्याखाली येतो त्याचं नावसुद्धा कीटकनाशक कायदा आहे, पण तणनाशक आणि बुरशीनाशकही त्यातच मोडतात. कार्ड ४१ हा गुंता सोडवतं. वर अक्षरं सी-आय-डी-ई, खाली लॅटिन मूळ 'मारणे, कापणे'. इन्सेक्टिसाइड कीटकांचं, हर्बिसाइड तणाचं, फंगिसाइड बुरशीचं, रोडेंटिसाइड उंदरांचं, अकॅरिसाइड पिकावरच्या कोळी किडीचं (माइट). आपल्याकडं मागं 'नाशक' लागतं तसं तिकडं 'साइड'. पुढचा अर्धा शब्द वाचला की बाटली कशाची ते कळतं. दुकानात दोन वर्षं काम केलेल्या पोरालाही मी ते कार्ड पाठ करायला लावलं.

त्याच कार्डावर होमिसाइड म्हणजे मनुष्यहत्या आहे, जेनोसाइड म्हणजे वंशसंहार आहे (हा शब्द पोलंडचे कायदेपंडित राफाएल लेमकिन यांनी १९४४ मध्ये घडवला, ग्रीक 'जेनोस'ला हेच लॅटिन शेपूट जोडून), आणि सुइसाइडही आहे. 'सुई' म्हणजे स्वतःचा. या शब्दावर ती थांबली. आमच्या भागातल्या लेकरांना त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. त्या दिवशी आम्ही पुढचं कार्ड काढलं नाही.

असं हे कार्ड. आणि नेमक्या याच कार्डावर चूक आहे. शेवटचा शब्द 'कोइन्साइड' दिलाय आणि अर्थाखाली लिहिलंय, 'एकाच वेळी मरणे यावरून'. मुलीला ते पटेना. "पप्पा, हे चुकीचं वाटायलंय," म्हणाली. नोव्हेंबरमध्ये तिच्या सरांनी शाळेतल्या मोठ्या डिक्शनरीत मूळ काढून दाखवलं. कोइन्साइडमध्ये मारणं-कापणं नाही, तिथं 'पडणे' या अर्थाचं वेगळं लॅटिन क्रियापद आहे, काडेरे. दोन गोष्टी एकावर एक येऊन पडल्या, म्हणजे कोइन्साइड. ॲक्सिडेंट आणि इन्सिडेंट याच घरातले.

सरांनी आणखी एक जोडी दाखवली, ती तर डब्यात कुठंच नाही. डिसाइड आणि डिसिड्युअस. सुरुवातीची पाच अक्षरं तीच. पण डिसाइडमध्ये कापणं आहे, एकदाचं तोडून टाकलं म्हणजे निर्णय झाला. डिसिड्युअस म्हणजे पानझडी, तिथं पडणं आहे. या दोन शब्दांची मूळ लॅटिन क्रियापदं अगदी सारखी लिहितात, फरक फक्त मधल्या 'इ'चा, एकात ऱ्हस्व, एकात दीर्घ. आपल्याकडं दिन आणि दीन. मराठी लेकराला हे दोन मिनिटांत समजतं, कारण शुद्धलेखनात त्यासाठी गुण कापून घेतलेले असतात. हे कार्ड मराठी मुलांसाठी आहे म्हणून छापलंय, मग हे त्यात का नाही?

कंपनीला व्हॉट्सॲपवर सहा वेळा लिहिलं, फोटो पाठवले. उत्तर आलं, "अक्षरं सेम आहेत म्हणून एकत्र घेतलेत." अहो, अक्षरं सेम दिसतात म्हणून तर शेतकरी चुकीची बाटली नेतो! कार्ड वाचून शहाणं झालेलं लेकरू तुमच्या अर्थावर डोळे झाकून विश्वास ठेवतं. मला पैसे परत नको होते, बदली कार्ड हवं होतं. शेवटी कळवलं की पुढच्या छपाईत बघू.

जुलैत दोन स्टार, ऑगस्टमध्ये मनातल्या मनात पाच, आता साडेतीन. एक कडं आणि एका शब्दामुळं दीड गेला. सवलतीत ४०० च्या आत मिळाला तर जरूर घ्या, आणि ज्यांच्याकडं आधीच आहे त्यांनी ४१ वरचा कोइन्साइड खोडून एका कोऱ्या कार्डावर ॲक्सिडेंट, इन्सिडेंट आणि डिसिड्युअससोबत लिहून घ्या. मुलीनं आधी बॉलपेननं खोडलं, लॅमिनेशनवर शाई धरत नाही. दुकानात खोक्यांवर नंबर टाकायचा मार्कर आहे, त्यानं खोडलंय, ते पुसलं जात नाही.